‘चालतंय की’ म्हणून गेलेल्या साहेबांस खुले पत्र

प्रति,
सन्माननीय क्लस्टर-उभारणीकार साहेब यांच्या सेवेशी,



आपलं नाव या पत्रात लिहीत नाही. आपल्यासारख्या मोठ्या माणसाला प्रसिद्धीचा तिटकारा असतो, हे काम संपल्यापासून आपण न उचललेल्या फोनांवरून आम्हाला कळलेलंच आहे. पण कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत आपल्या कामाचा लाभ ज्यांना झाला, त्यांना आपले उपकार माहीत असावेत. म्हणून पत्र उघड लिहितो आहे.

आमच्या कचेरीतून चाळीस दूध संस्था आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर चालतं. सभासदाचं दूध मापलं, फॅट लागलं, पावती निघाली, पैसे खात्यावर गेले. प्रत्येक पायरीला यंत्र एक ओळ लिहून ठेवतं. त्या ओळी म्हणजे लॉग. पुढे कधी तक्रार आली, पैशांचा घोळ झाला, कुणी चोरी केली, तर त्या दिवशी यंत्रात नेमकं काय घडलं हे सांगणारा दुसरा साक्षीदार नसतो. लाखो ओळींतून हवी ती ओळ काही महिन्यांनीही सापडावी, म्हणून इलॅस्टिकसर्चचा तीन सर्व्हरांचा क्लस्टर उभारण्याचं काम आपल्याकडे दिलं होतं. आपण तो दोन दिवसांत उभा केलात. एवढ्या वेगाबद्दल तेव्हा चहापाण्यासह कौतुक झालं होतं, ते इथे पुन्हा नोंदवतो.

पहिले आभार शार्डांबद्दल. इंडेक्सचे तुकडे करून ते निरनिराळ्या सर्व्हरवर ठेवतात, तो एकेक तुकडा म्हणजे शार्ड. दिसायला तुकडा, पण आत तो इलॅस्टिकसर्च ज्यावर उभं आहे त्या ल्युसिनचा एक पूर्ण इंडेक्स असतो. त्याला स्वतःची मेमरी लागते, स्वतःच्या फायली उघड्या ठेवाव्या लागतात, आणि कोणता शार्ड कुठे आहे याचा हिशेब मास्टर नोडला अखंड ठेवावा लागतो. एका इंडेक्सला पाच शार्ड हा इलॅस्टिकसर्चचा जुना डिफॉल्ट. २०१९ साली सातव्या आवृत्तीत तो बनवणाऱ्यांनी स्वतःच एकावर आणला. आपण परंपरेचे पाईक. पाचाचा साचा जपून नव्या आवृत्तीत आणलात. चाळीस संस्था, प्रत्येकीचा रोज वेगळा इंडेक्स, त्याचे पाच शार्ड आणि पाचांच्या पाच प्रती, म्हणजे रेप्लिका. रोजचे चारशे. १८० दिवसांचे बहात्तर हजार. एका शार्डात साधारण दहा ते पन्नास जीबी माल असावा, असा बनवणाऱ्यांचा सल्ला आहे. लहान गावातल्या संस्थेच्या एका दिवसाच्या शार्डात दोन एमबीसुद्धा भरत नव्हते.

सॉफ्टवेअरनं आपल्याला अडवलं होतं हो. एका नोडमागे (म्हणजे सर्व्हरमागे) हजार शार्ड, म्हणजे तीन नोडांना तीन हजार, अशी मर्यादा त्यात आधीच असते. रोज चारशेच्या गतीनं ती आठव्या दिवशी संपते आणि नवा इंडेक्स बनायचा थांबतो. असं का होतंय हे न पाहता आपण ती मर्यादाच वाढवून ठेवलीत. आमच्या ऑफिसातल्या मुलीनं विचारलं, ‘सर, हे बरोबर आहे ना?’ आपण हसून म्हणालात, ‘चालतंय की.’ तिला तेव्हा धीर आला होता. ती नवीन होती.

हीपच्या बाबतीत आपलं औदार्य तर डोळे दिपवणारं. चौसष्ट जीबीच्या सर्व्हरवर आपण जावाच्या हीपला, म्हणजे इलॅस्टिकसर्चच्या कामाच्या मेमरीला, अठ्ठेचाळीस जीबी देऊन टाकलेत. हीप बत्तीस जीबीच्या आसपास पोचली की मेमरीतले पत्ते आखूड लिहिण्याची जावाची युक्ती बंद पडते आणि प्रत्येक पत्ता दुप्पट जागा खातो. म्हणजे दिलेल्यातलं बरंचसं वायाच. शिवाय ल्युसिन फायली वाचतं ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधून, आणि त्या कॅशसाठी आपण उरवलं किती, तर उष्टं-खरकटं. अर्ध्याहून जास्त मेमरी हीपला देऊ नका, हे त्यांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. परिणाम असा व्हायचा की हीपची साफसफाई सुरू झाली की नोड गप्प व्हायचा, बाकीचे दोघे त्याला मेला समजायचे, त्याच्याकडच्या शार्डांच्या प्रती नव्यानं बनवायला घ्यायचे, आणि त्या ओझ्यानं त्यांचाही श्वास अडकायचा. मेमरीतला माल डिस्कवर टाकणारा स्वॅपही आपण चालूच ठेवला होता. त्याबद्दल वेगळे आभार मानत नाही, यातच धरावेत.

वेळेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. इलॅस्टिकसर्चचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनं बदलतो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत त्या वेळी कुणी नसतं. आमच्याकडे साडेपाचला गावोगावच्या दूध संस्थांपुढे किटल्या घेऊन रांग लागलेली असते. काटा चालू, फॅटचं यंत्र चालू, पावत्या फडफडा निघताहेत. दिवसातली सगळ्यात जास्त लगबगीची ती वेळ साधून आपला क्लस्टर एकदम चारशे नवे शार्ड बनवायला बसायचा. मास्टर नोड त्यातच गुंतायचा, लिहायला आलेल्या ओळी रांगेत अडायच्या, रांग भरली की परत पाठवल्या जायच्या. पुढच्या दिवसाचे इंडेक्स आदल्या रात्रीच बनवून ठेवता येतात. किंवा दिवसाचा हट्ट सोडून शार्ड पन्नास जीबीचा झाला की नवा इंडेक्स घ्यायचा, असा रोलओव्हर लावता येतो. त्याहून सोपं म्हणजे साडेपाचला कोल्हापूर जिल्ह्यात काय चाललेलं असतं, हे एखाद्या म्हशीवाल्याला विचारता आलं असतं.

त्यातच आपण काउंटरवरच्या संगणकाची भारतीय वेळ, तिच्यापुढे साडेपाच तासांचा फरक न लिहिता, पावतीच्या वेळेच्या रकान्यात तशीच घेतलीत. आतल्या यंत्रानं ती प्रमाणवेळ समजून घेतली आणि पडद्यावर दाखवताना पुन्हा साडेपाच तास मिळवले. पहाटे साडेपाचची पावती सकाळी अकराची दिसू लागली. ‘गेल्या पंधरा मिनिटांत काय झालं’ असं विचारलं तर त्या पंधरा मिनिटांतलं काहीच दिसायचं नाही, कारण आत्ता घडलेलं सगळं यंत्राच्या मते अजून घडायचं होतं.

साहेब, आता मॅपिंगबद्दल. इथे मला आपला गौरव करताना शब्द सांभाळावे लागतील.

कोणत्या रकान्यात आकडा, कोणत्यात तारीख, कोणत्यात मजकूर, हे आधी ठरवणं म्हणजे मॅपिंग. आपण ठरवलं नाहीत. दिवसाची पहिली ओळ येईल ती ठरवेल, अशी मोकळीक ठेवलीत. खाते क्रमांक रकान्याच्या जागी येऊन एकेका खात्याचा एकेक रकाना तयार होऊ लागला, तेव्हा एका इंडेक्समागे हजार रकान्यांची मर्यादा लागली. ती आपण पन्नास हजारांवर नेलीत. तेही सोसलं असतं. पण फॅटचा रकाना रोज पहिल्या नीट पावतीवरून आकड्याचा ठरायचा. यंत्र बिघडलं किंवा तार निसटली की तिथे आकड्याऐवजी ‘एरर’ असा मजकूर यायचा. आकड्याच्या रकान्यात मजकूर घेता येत नाही, म्हणून इलॅस्टिकसर्च ती सबंध ओळ नाकारायचं. अशा नाकारलेल्या ओळी बाजूला साठवण्याची सोय, ओळी क्लस्टरकडे पोचवणाऱ्या लॉगस्टॅशमध्ये आहे. ती मुळात बंद असते, कुणीतरी चालू करावी लागते. आपण केली नाहीत. म्हणजे आपल्या क्लस्टरमध्ये यंत्र नीट चाललं त्याच सकाळच्या नोंदी राहिल्या. जिथे काही बिघडलं, ज्यासाठी लॉग ठेवायचा असतो, तेवढ्याच ओळी वेचून बाहेर गेल्या.

एका गावातल्या बाईंच्या दहा दिवसांच्या बिलात एका सकाळचं दूध आलं नाही. त्या म्हणत होत्या, घातलंय. सचिव म्हणत होते, यंत्रात नाही. वाद आमच्यापर्यंत आला, आम्ही क्लस्टरमध्ये शोधलं, ओळ नव्हती. ओळ नाही म्हणजे दूध नाही, असं संस्थेत ठरलं. पुष्कळ दिवसांनी दुसरंच काही शोधताना लॉगस्टॅशच्या स्वतःच्या फायलीत नकाराचे इशारे सापडले आणि त्यात ती सकाळ होती: बाईंचा सभासद क्रमांक, लिटर, आणि फॅटच्या जागी ‘एरर’. संस्थेनं पैसे दिले. पण दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या त्या बाईंना तोवर गावानं चारचौघांत खोटं ठरवून झालं होतं. ते खोटेपण कुठल्या खात्यावर जमा करायचं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

डिस्कबद्दल लिहिताना पंचगंगा आठवल्याशिवाय राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे आकडे पाठ असतात. पावसाळ्यात तो उठल्याउठल्या आधी पातळी विचारतो. इलॅस्टिकसर्चच्या डिस्कलाही अशा तीन पातळ्या आहेत. ८५ टक्के भरली की त्या नोडवर नवे शार्ड ठेवणं थांबतं. ९० टक्क्यांना असलेले शार्ड दुसरीकडे हलवायला सुरुवात होते. ९५ टक्क्यांची पातळी तिथेही पुराच्याच नावानं ओळखली जाते. तिथे पोचलं की त्या नोडवर शार्ड असलेल्या इंडेक्सांत लिहिणं बंद, फक्त अख्खा इंडेक्स खोडता येतो. आपल्याला या पातळ्यांचा त्रास होत होता, म्हणून आपण ती तपासणीच बंद करून टाकलीत. बंधाऱ्यावरची मोजपट्टी उपटली म्हणून पाणी चढायचं थांबत नाही, हे शुक्रवार पेठेतल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा.

पाणी चढलंच. कारण प्रोग्रामांचे लॉग आपण डीबग पातळीवर ठेवले होते. एका पावतीमागे पानभर मजकूर, त्यात सभासदांचे मोबाइल नंबर आणि खाते क्रमांक उघडेवाघडे. व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा देशानं २०२३ मध्ये केला, तो आपल्याला ठाऊक असेलच. जुने इंडेक्स वयानुसार स्वस्त डिस्कवर हलवून मुदत संपली की आपोआप काढून टाकण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये तयार आहे. तिला आपण हात लावला नव्हता. डिस्क शंभर टक्के भरली. तेव्हा आपण फोन उचलत होतात. उपाय सांगितलात: रेप्लिका शून्य करा. जागा झाली, सगळे खूश. पुढे एका सर्व्हरची डिस्क गेली आणि तिच्याबरोबर तिच्यावरचे शार्ड गेले, कारण दुसरी प्रत कुठेच नव्हती. क्लस्टरची स्थिती दाखवणाऱ्या किबानाच्या पडद्यावर सगळं लालभडक झालं.

बॅकअप होता ना? होता. आपण रोज रात्री डेटाची फोल्डरं जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवत होतात. चालत्या क्लस्टरची फोल्डरं अशी उचलून परत लावता येत नाहीत. त्यासाठी स्नॅपशॉट असतो, हे त्याच पुस्तिकेत ठळकपणे आहे. पासवर्डचंही तसंच. पासवर्डाची मूलभूत सोय मे २०१९ पासून फुकट आहे, आठव्या आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते. आपण ती शोधून बंद केलीत आणि ९२०० क्रमांकाचं दार जगाला मोकळं ठेवलंत. जुलै २०२० मध्ये अशाच उघड्या क्लस्टरांत शिरून कुणीतरी हजारो ठिकाणचा डेटा पुसला आणि मागे मांजराच्या आवाजाचा शब्द लिहून ठेवला. आमच्याकडे तो पाहुणा आला नाही.

दोष त्या सॉफ्टवेअरचा नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ल्युसिन लिहिलं. शाय बॅनन यांनी आधी बायकोच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून त्यावर काम सुरू केलं आणि २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च सगळ्यांना वापरायला दिलं. जॉर्डन सिसेल यांचं लॉगस्टॅश आणि रशीद खान यांचं किबाना त्याला येऊन मिळालं. २०२१ मध्ये परवान्यावरून वाद होऊन ओपनसर्च वेगळं निघालं, पण गाभा तोच राहिला. पूर्वी फक्त बड्या कंपन्यांना परवडणारी ताकद यांच्यामुळे आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या कचेरीला मिळाली. कुठे काय जपायचं तेही त्यांनी लिहून ठेवलं. ते वाचायचे पैसे आपल्याला दिले होते.

आणि हे सगळं कशासाठी होतं, तेही सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. खऱ्या यंत्रणेला वळसा घालून बनावट स्विच एटीएमला ‘मंजूर’ अशी उत्तरं देत होता. दोन दिवसांच्या लुटीत ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आणि कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाले. सहकारी संस्थांवर पोसलेल्या या जिल्ह्याला ती बातमी परक्या गावची नव्हती. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं निर्देश काढले: लॉग १८० दिवस भारतातच जपून ठेवा, घड्याळं सरकारी प्रमाणवेळेशी जुळवा, घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. आपण विक्रीच्या वेळी हाच कागद आमच्यापुढे फडकवला होता. पण आपल्या क्लस्टरमध्ये १८० दिवसांवर एक खाते क्रमांक शोधायला टाकला की चक्र फिरत राहायचं आणि शेवटी मुदत संपल्याचा निरोप यायचा. सहा तासांत काय कळवणार होतो?

गेले काही महिने आम्ही हे निस्तरतो आहोत. लहान संस्था एकत्र करून एका इंडेक्सला एक शार्ड, हीप तीस जीबी, स्वॅप बंद, रकाने आधी ठरवलेले, ओळी शोधायोग्य होण्याची मुदत एका सेकंदावरून तीस सेकंदांवर, नाकारलेल्या ओळींची वेगळी पेटी आणि तिची रोज मोजणी, स्नॅपशॉट दुसऱ्या इमारतीत. ‘सर, हे बरोबर आहे ना’ विचारणारी ती मुलगीच हे करते आहे, आणि ती आता कुणाला विचारत नाही, पुस्तिका उघडून दाखवते.

आपण सध्या दुसऱ्या जिल्ह्यात याच कामावर आहात असं ऐकतो. तिथल्या मंडळींच्या हाती हे पत्र पडलं तर त्यांनी शेवटचा धनादेश देण्याआधी साहेबांना समोर बसवावं. चार महिन्यांपूर्वीची एक बिघडलेली पावती काढून तिची ओळ शोधून मागावी. त्यांच्या देखत एका सर्व्हरची तार उपटावी. स्नॅपशॉटवरून एक इंडेक्स परत आणून दाखवायला सांगावं. साहेब मोठ्या मनाचे आहेत, रागावणार नाहीत.

आपल्या शेवटच्या बिलावर ‘काम पूर्ण, तपासून दिले’ असं लिहून आपण सही केली आहे. तो कागद माझ्याकडे आहे. सवड काढून एकदा कोल्हापूरला यावं. आपण दोघं तो कागद घेऊन त्या बाईंच्या गावी जाऊ. संस्थेत सकाळी साडेपाचला दूध घालायला सगळं गाव असतं. तिथे, सगळ्यांसमोर, त्या सकाळी त्यांनी दूध घातलं होतं हे आपण आपल्या तोंडानं सांगावं.



आपला,
लॉगची राखण करणारा एक कोल्हापूरकर